सल्ला: ४ रेटिंगची शाळा, ८ लाखांचं घर आणि एडिसनच्या मित्राचा पत्ता

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आलंय. नवरा-बायको दोघं आयटीत, दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. मुलगी साडेचार वर्षांची, जवळच्या पब्लिक शाळेत प्री-केला (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाला) जाते आणि खुशीत जाते. सप्टेंबरपासून किंडरगार्टन. पण त्या शाळेचं रेटिंग १० पैकी ४. ओळखीची मंडळी एकेक करून एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो अशा सबर्बला (शहराबाहेरच्या सधन गावांना) गेली आणि रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये दर वेळी तोच प्रश्न, "अजून तिथेच आहात?" नवऱ्याचं म्हणणं, ताणून का होईना पण ८ लाख डॉलरपर्यंतचं घर घेऊ, ते नाही जमलं तर एडिसनच्या मित्राचा पत्ता देऊन मुलीला तिकडच्या शाळेत घालू. सासूबाई नाशिकहून फोनवर सांगतात, शिक्षणात कसली काटकसर करता. पत्र लिहिणाऱ्या या आई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकल्या. विचारतात, "ताई, 'तसल्या' मुलांच्या शाळेत ठेवून आम्ही मुलीचं नुकसान करतोय का? आणि निघून जायचा विचार आला की मला इतकं अपराधी का वाटतं?"

---

अगं, पहिल्यांदा एक सांगते जे तुला बहुतेक कुणी सांगितलं नसेल. तुझी मुलगी ज्या प्री-केला फुकट जाते ना, पूर्ण दिवस, शिकलेल्या टीचरकडे, ते प्री-के एका कोर्टकेसमुळे आहे. १९८१ साली कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांमधल्या २० मुलांच्या वतीने राज्यावर खटला भरला गेला, अॅबट विरुद्ध बर्क. म्हणणं साधं होतं, आमच्या शाळांना सबर्बच्या शाळांपेक्षा कमी पैसे मिळतात आणि हे राज्याच्या घटनेत बसत नाही. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, आणि १९९८ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की या गरीब डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांचा कारभार एकत्र चालतो तो भाग, तिथला पत्ता असेल तरच तिथल्या शाळेत जागा) तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला चांगलं प्री-के मिळालंच पाहिजे. अशी ३१ डिस्ट्रिक्ट आहेत, जर्सी सिटी त्यातलं एक. तुझ्या पार्किंगमधल्या मैत्रिणींपैकी कितीतरी जणींनी याच वयाच्या मुलांच्या डेकेअरला दर महिन्याला चांगले घसघशीत पैसे मोजले असतील, विचारून बघ. म्हणजे ज्या शाळेची तुला लाज वाटायला लागलीय तिच्या मागे लोकांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेलं काहीतरी आहे, आणि तुझं लेकरू ते रोज वापरतंय.

आता मूळ मुद्दा. आपण तिकडून येताना डोक्यात एक चित्र घेऊन येतो, सरकारी शाळा गरिबांची आणि फी भरायची शाळा पैसेवाल्यांची. इथे आल्यावर वाटतं वा, पब्लिक शाळा सगळ्यांना फुकट, काय समानता आहे! तसं नाहीये. इथे फी घराच्या किमतीत घातलेली असते. अमेरिकेत शाळांच्या पैशांपैकी साधारण निम्म्याच्या जवळपास पैसा लोकल असतो आणि त्यातला बहुतेक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. तुझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार गावातल्या घरांच्या किमतीवर ठरत नव्हता, तो राज्याकडून यायचा. इथे गावात महागडी घरं असली की कमी दराने टॅक्स लावूनही भरपूर पैसे जमतात, आणि गरीब गावाने जास्त दर लावला तरी पुरत नाही. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला अगदी हेच झालं होतं, एजवुड नावाच्या गरीब डिस्ट्रिक्टचा टॅक्सचा दर शेजारच्या अलामो हाइट्सपेक्षा जास्त, तरी मुलामागे एजवुडकडे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सकडे ५९४. पालक देशाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले, कोर्ट म्हणालं देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉईटच्या केसमध्ये परत ५-४, की शहरातल्या शाळांमधली काळ्या-गोऱ्या मुलांची फारकत मोडायला सबर्बच्या डिस्ट्रिक्टना जबरदस्तीने सामील करता येणार नाही. त्यानंतर डिस्ट्रिक्टची हद्द म्हणजे भिंतच झाली. आणि न्यू जर्सीत तर ५६४ गावं-शहरं आणि ६०० च्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, इतक्याशा राज्यात इतक्या भिंती!

तर तू विचारतेस ते ४ रेटिंग. झिलोवर (घरं शोधायच्या वेबसाइटवर) घराच्या फोटोखाली जो आकडा दिसतो तो मोठ्या प्रमाणात परीक्षेच्या मार्कांवरून येतो (आता त्यात ग्रोथ, म्हणजे मुलं किती पुढे गेली, तीही धरतात, पण तरी). आणि परीक्षेचे मार्क सगळ्यात जास्त कशाशी जुळतात माहितीय? पालकांची कमाई आणि शिक्षण. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचा डेटा एकत्र करून दाखवलं की सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात गरीब डिस्ट्रिक्टमधल्या मुलांच्यात सरासरी चार इयत्तांहून जास्त अंतर आहे. पण त्याच डेटात त्यांनी दुसरी गोष्ट पण बघितली, की तिसरीतून आठवीत जाईपर्यंत मुलं *पुढे* किती गेली. आणि तिथे यादी पार उलटीपालटी झाली. शिकागोचे मार्क कमी, पण तिथली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. म्हणजे मुलं आत येताना काय घेऊन आली हे रेटिंग सांगतं, शाळेने त्यात काय भर घातली हे त्यातून फारसं कळत नाही. तुझ्या घरात दोन इंजिनियर आहेत, झोपताना गोष्ट वाचून दाखवतात, लायब्ररी कार्ड आहे. ते सगळं तुझी मुलगी ४ वाल्या शाळेत पण घेऊन जाते आणि ९ वाल्या पण.

आणि तो "तसल्या" शब्द. तू अवतरणात टाकलास म्हणजे तुलाही तो खुपलाय, म्हणून जरा स्पष्ट बोलते. तसली म्हणजे कोणती गं? काळी? स्पॅनिश बोलणारी? आई रात्री ऑफिसं झाडायला जाते अशी? कारण तुझ्या मुलीच्या वर्गात कोण आहे हे तुला पार्किंगमधल्या कुणाहीपेक्षा जास्त माहितीय, तू रोज सकाळी त्या दारात उभी असतेस. इजिप्तहून आलेलं, फिलिपिन्सचं, डॉमिनिकन, गुजराती, आणि तुझी. वाढदिवसाला कुणाला बोलावलं होतं त्यांची नावं आठव आणि मग ते वाक्य परत म्हणून बघ, जमतंय का. आपली माणसं "डिस्ट्रिक्ट चांगला आहे" म्हणतात तेव्हा त्यात निम्मं शिक्षण असतं आणि निम्मं "शेजारी कोण आहे" असतं, आणि हे आपण आपल्याशी सुद्धा कबूल करत नाही.

पण थांब, मी तुला असं अजिबात म्हणत नाहीये की काही फरक नसतो, सगळं मनात असतं. फरक असतो आणि खरा असतो. न्यूअर्कमध्ये २०१६ साली पाण्यात शिसं सापडलं म्हणून ३० शाळांमधले पिण्याचे नळ बंद करावे लागले, असलं श्रीमंत सबर्बमध्ये झालं असतं तर आठवड्यात वकील उभे राहिले असते. पैशाने फरक पडतो का यावर पण लोक उगाच वाद घालतात, जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा २०१६ चा अभ्यास आहे, बारा वर्षं मुलामागचा खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला तर मोठेपणी कमाई साधारण ७ टक्क्यांनी जास्त, आणि गरीब घरच्या मुलांना फायदा त्याहून जास्त. न्यू जर्सीत अॅबटमुळे निदान पैशाचा फरक बराच भरून निघाला, पण तुझ्या शहराची गोष्ट मधे परत बिघडली. पाण्याकाठचे जे चकचकीत टॉवर आहेत ना, त्यातले बरेच टॅक्स अबेटमेंटवर बांधलेत, म्हणजे बिल्डर नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी शहराला ठरलेली रक्कम देतो, आणि त्यातून शाळांना वाटा द्यायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मग २०१८ मध्ये राज्याने म्हटलं की आता तुमचं शहर श्रीमंत झालंय, तुमची मदत टप्प्याटप्प्याने कमी. मग शहराने शाळांसाठी कंपन्यांवर १ टक्का पेरोल टॅक्स (पगाराच्या रकमेवरचा कर) बसवला, तरी पुरेना म्हणून स्कूल टॅक्स वाढला. तू भाड्याने राहतेस तरी ते तुझ्या भाड्यात येतंच. शाळेत जाशील तेव्हा विचार, गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या पोस्ट गेल्या, काउन्सेलर आहे का, लायब्ररियन आहे का. रेटिंगपेक्षा ही उत्तरं जास्त कामाची.

सबर्बचं पण नाणं उलटून बघ. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ मध्ये डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने, सुपरिंटेंडेंटने, पालकांना पत्र लिहिलं होतं, मुलं ताणाने मोडतायत, म्हणून हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद आणि काही दिवस होमवर्क नाही. आणि त्याला विरोध कुणी केला? बराचसा आपल्यासारख्याच एशियन पालकांनी, की तुम्ही अभ्यास पातळ करताय म्हणून. मी त्यांनाही नावं ठेवत नाही, ज्यांनी घरासाठी सगळं ओतलं त्यांना त्याची वसुली मुलाच्या मार्कशीटमधून हवी असते आणि ते मुलाला बरोबर कळतं.

मग पैसे. न्यू जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, वर्षाला १० हजार डॉलरच्या आसपास, आणि ८ लाखांच्या घरावर त्याहून जास्तच धर. तुम्ही दोघं एच-वन-बी वर. नोकरी गेली तर नवी शोधायला, नाहीतर देश सोडायला हातात ६० दिवस. दोन पगार धरून ताणलेलं मॉर्गेज आणि ६० दिवस, हे गणित नवऱ्यासोबत कागदावर मांड, एकच पगार धरून मांड. आणि प्रवास. आत्ता पाथ ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांत मॅनहॅटन. वेस्ट विंडसरच्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनहून ट्रेनलाच तासाभराहून जास्त, शिवाय स्टेशनपर्यंतची गाडी. म्हणजे शाळा सुटल्यावर आफ्टरकेअर, म्हणजे संध्याकाळी सात वाजता थकलेली आई आणि थकलेली मुलगी आणि मधे मॅगी. सासूबाई काटकसर म्हणतात, पण संध्याकाळचे दोन तास हाही शिक्षणावरचा खर्चच आहे, तो कुठल्या कॉलममध्ये टाकायचा ते त्यांना विचार (नको, विचारू नकोस, उगाच वाढेल).

मित्राच्या पत्त्याचं मात्र सरळ सांगते, नाही. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्ट पत्त्याची चौकशी करतात, खोटं निघालं तर मुलीला काढतात आणि गेलेल्या दिवसांची ट्यूशन मागतात. ओहायोत अॅक्रनमध्ये एका काळ्या आईने मुलींना आपल्या वडिलांच्या पत्त्यावर शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातलं म्हणून २०११ मध्ये तिला तुरुंगात जावं लागलं, नऊ दिवस. नंतर गव्हर्नरने गुन्ह्याची पातळी कमी केली. त्यात तुम्ही व्हिसावर. सरकारी कागदावर खोटी सही करायची तुमची परिस्थितीच नाही. आणि साडेचार वर्षांच्या पोरीला "कुणी विचारलं तर आपण एडिसनला राहतो म्हण" असं शिकवणार कोण?

आता करायचं काय. झिलो बंद कर आणि राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघड, न्यू जर्सीत प्रत्येक पब्लिक शाळेचा असतो. त्यात ग्रोथ पर्सेंटाइल बघ, ५० म्हणजे मध्य, शाळा मुलांना इतरांच्या बरोबरीने पुढे नेतेय का ते कळतं. मग क्रॉनिक अॅबसेंटीइझम बघ, म्हणजे शाळेचे १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती. ते खूप जास्त असेल तर टीचर कितीही चांगली असो, तिला दर सोमवारी मागे जावं लागतं. तीच दोन पानं तुला आवडलेल्या सबर्बच्या शाळेची पण काढ आणि शेजारी ठेव. मग शाळेत जा, वेळ मागून घे. प्रिन्सिपलला विचार की किंडरगार्टनचे टीचर किती वर्षं इथे आहेत, टीचर नसेल त्या दिवशी सब्स्टिट्यूट मिळतो का वर्ग वाटून टाकतात, वर्गात मुलं किती, रिसेस किती, वाचायला कसं शिकवतात. आणि एखादं मूल पुढे असेल तर त्याला काय देता हेही विचार, लाजू नकोस, हा प्रश्न माजोरीचा नाही. कॉरिडॉरमध्ये मोठी माणसं मुलांशी कशी बोलतात ते ऐक. ओरडून ओरडून रांग लावणारी शाळा ९ रेटिंगची असली तरी मला नको.

आणि हे बघ, किंडरगार्टनचा निर्णय म्हणजे बारावीपर्यंतचा नाही. जर्सी सिटीत नववीपासून मॅकनेअर अकॅडमिक आहे, पब्लिकच, प्रवेश निवडून, राज्यात नावाजलेलं. काउंटीची हायटेक हायस्कूल, काउंटी प्रेप आहेत. चार्टर शाळांची (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) लॉटरी आहे. ती दारं सगळ्यांसाठी सारखी उघडी नसतात हे खरं, ज्यांच्या घरात फॉर्म वाचणारा माणूस आहे त्यांनाच ती सापडतात, तुझ्या घरात तो आहे. म्हणून माझा कौल विचारशील तर, शाळा बघून पोटात खड्डा पडला नाही तर दुसरीपर्यंत तिथेच राहा, पैसे साठव, ग्रीन कार्डचं काय होतंय बघ, मग ठरव. मुलगी खुशीत जातेय हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस, माझ्यासाठी ती ओळ सगळ्यात जड आहे.

राहिलात तर मग धड राहा. एक पाय दारात ठेवून, येता-जाता मुलीसमोर "ही शाळा काय कामाची" म्हणत राहू नका, तिला सगळं ऐकू येतं. पीटीएमध्ये जा. तुला मत नाही, सिटिझन नाहीस, पण बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगला पब्लिक कमेंटमध्ये बोलायला मत लागत नाही. जर्सी सिटीच्या शाळांचं बजेट अब्ज डॉलरच्या घरात आहे आणि वसंतात त्याची सुनावणी असते, तिथे जाऊन लायब्ररियनबद्दल दोन मिनिटं बोललीस तरी बोर्डाला उत्तर शोधावं लागतं. आणि एक लक्षात ठेव, आपण इंजिनियर लोक शाळेत गेलो की आधी "आमच्या मुलीसाठी गिफ्टेड प्रोग्राम" मागतो. त्याआधी बाकीच्या आया काय मागतायत ते ऐक. बहुतेक वेळा त्यांना चालणारं हीटिंग आणि टिकणारे टीचर हवे असतात, आणि ते तुझ्या मुलीलाही लागतातच.

आणि गेलात तरी ठीक आहे गं. भाड्याच्या घराला कंटाळलात, अंगण हवं, आई-वडील येऊन राहणार, ही सगळी चांगली कारणं आहेत, त्यासाठी जा, पण "तिथल्या मुलांपासून वाचवलं" असं सांगत जाऊ नका. अपराधी का वाटतं विचारतेस तर मला वाटतं, आपण निघून जाऊ शकतो आणि तुझ्या मुलीची मैत्रीण जाऊ शकत नाही हे तुला दिसलंय म्हणून. ते दिसणं वाईट नाही. पण त्याची भरपाई पाच वर्षांच्या मुलीने शाळा न बदलून करायची असं नसतं, मोठ्यांनी बोलून करायची असते. सबर्बमध्ये गेल्यावर तिथे स्वस्त अपार्टमेंट बांधायचा प्रस्ताव येईल (माउंट लॉरेल नावाच्या गावाच्या खटल्यातल्या १९७५ आणि १९८३ च्या निकालांमुळे न्यू जर्सीतल्या गावांवर ती जबाबदारी आहे) आणि आपलीच माणसं "शाळांवर लोड येईल" म्हणून विरोधाची सही मागत व्हॉट्सअॅपवर फिरतील. तेव्हा सही करू नकोस. इतकं केलंस तरी खूप.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण फिलाडेल्फिया, शिकागो, ह्यूस्टनहून पण अशीच पत्रं येतात. तुमच्या राज्यात पैशाचं गणित वेगळं असणार ते आधी बघा. पेनसिल्व्हेनियात २०२३ मध्ये कोर्टाने शाळांच्या पैशाची पद्धतच घटनाबाह्य ठरवली, म्हणजे न्यू जर्सीत जे बरंच भरून निघालंय ते तिकडे आत्ता कुठे सुरू होतंय, तिथे फरक जास्त बोचरा असू शकतो. आणि जिथे मूल खरंच असुरक्षित आहे, किंवा स्पेशल एज्युकेशनच्या सोयी कायद्याने मिळायला हव्यात त्या मिळतच नाहीयेत आणि तुमची भांडायची ताकद संपलीय, तिथे माझा वरचा सगळा उपदेश बाजूला ठेवा आणि निघा.

तुझ्यासाठी शेवटचं काम. घराचं ठरेपर्यंत किंडरगार्टनचं रजिस्ट्रेशन लांबवू नकोस. जर्सी सिटीतलं नाव आत्ता नोंदव, लीजची कॉपी आणि लसींचा कागद काढून ठेव. पुढे घर घेतलंत तर नव्या गावाची शाळा वर्षाच्या मध्यातही घेते, तिथे राहायला गेलात की झालं. विकाऊ घरांचं ओपन हाऊस बघायला जायचंच असेल तर एक शनिवार जा, पण त्याआधी एकाच पगाराच्या हिशोबाचा कागद मांडून झालेला असू दे.